एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळतात, पण सेवा नीट चालते का? पालमकरांनी हे कसं ओळखायचं

पालम तालुक्यात ज्या घरात एचआयव्हीचा रुग्ण आहे, त्या घराला एवढं ठाऊक असतं की गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळ्या मिळाल्या म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो. रस्ता झाला का नाही ते डोळ्याला दिसतं, नळाला पाणी आलं का तेही दिसतं. ही सेवा मात्र कुणाला दिसत नाही, कारण ती घेणारा माणूस बोलत नाही. बोलला तर गावात राहणं अवघड होतं. म्हणून ती चांगली चालली काय अन् वाईट चालली काय, ग्रामसभेत तिचा विषय कधीच निघत नाही.

तरीही ती जोखता येते. कुणाचंही नाव न घेता येते. त्यासाठी काय बघायचं, कुठला आकडा विचारायचा आणि कुठल्या आकड्यावर भुलायचं नाही, ते या लेखात दिलं आहे.

पैसा कुणाचा, काम कुणाचं

देशात एचआयव्हीची पहिली लागण १९८६ मध्ये उघडकीला आली. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी केली. या कार्यक्रमाचा सगळा पैसा केंद्राचा असतो. राज्यात तो महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत चालतो आणि जिल्ह्यात त्याचं काम बघायला जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक असतं. दवाखान्यातली माणसं त्याला 'डापकू' म्हणतात. फोन करताना हाच शब्द वापरा, लवकर कळतं.

फुकट औषधं सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. त्या वेळी देशभरात फक्त आठ सरकारी दवाखान्यांत ती मिळत. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. मराठवाड्यात एकही नव्हतं. आज पालमचा माणूस गंगाखेडमार्गे परभणीच्या जिल्हा रुग्णालयात जातो. कुणी लोह्यावरून नांदेडच्या विष्णुपुरीला शासकीय मेडिकल कॉलेजात जातं, तर कुणी अंबाजोगाईला. औषध देणाऱ्या या जागेला एआरटी केंद्र म्हणतात. चाचणी आणि समुपदेशन जिथं होतं ते आयसीटीसी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय अशा ठिकाणी ते असतं. काही दवाखान्यांत मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं औषध केंद्रही असतं, त्याला लिंक एआरटी म्हणतात. तब्येत स्थिर झालेल्या रुग्णाला तिथून गोळ्या नेता येतात. आपल्याला जवळ कोणतं पडेल ते १०९७ या फुकट नंबरवर विचारता येतं. मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.

चांगला उपचार म्हणजे नेमकं काय

आधी एक जुनी समजूत काढून टाकू. पूर्वी रक्तातल्या सीडी-४ पेशी एका मर्यादेच्या खाली गेल्यावरच गोळ्या सुरू करत. २०१७ पासून तसं नाही. चाचणीत लागण पक्की ठरली की सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू करायचे. 'तुमची तब्येत अजून चांगली आहे, सहा महिन्यांनी या' असं कुणी आज सांगत असेल तर तो जुना नियम सांगतोय.

आता बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र असतात. केंद्रात तिला टीएलडी म्हणतात. या गोळीनं विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही, पण इतका दबतो की तपासणीत सापडेनासा होतो. असा दबलेला असताना लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही हे स्पष्ट सांगितलं आहे. गावात कितीजणांना हे माहीत असेल? माहीत असतं तर कितीतरी सुना माहेरी परत गेल्या नसत्या.

विषाणू दबला का, हे कळतं व्हायरल लोड या तपासणीतून. ती सुद्धा फुकट आहे. गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी एकदा, वर्षानं एकदा आणि पुढं दरवर्षी एकदा. एक मिलिलिटर रक्तात विषाणूंची संख्या हजाराच्या आत असली की कार्यक्रमाच्या भाषेत विषाणू दबला. हजाराच्या वर गेली तर रुग्णाला दोष देऊन चालत नाही. आधी गोळ्या कुठं चुकतात ते त्याच्याशी बोलून शोधायचं, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि तरी उतरली नाही तर औषध बदलायचं.

म्हणून घरात कुणी रुग्ण असेल तर पहिला प्रश्न हा: शेवटचा व्हायरल लोड कधी झाला आणि किती आला? रुग्णाजवळ उपचाराचं हिरवं पुस्तक असतं, त्यात तारीख बघा. वर्ष उलटून गेलं असेल आणि नोंद नसेल, तर गोळ्या वेळेवर मिळत असूनही सेवेतली महत्त्वाची कडी तुटलेली आहे. याच्याशिवाय दर भेटीला खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्री घाम येणं हे चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत. एचआयव्ही असलेल्याचा जीव जास्त करून क्षयरोगानं जातो. नुसती गोळ्यांची बाटली हातात ठेवून 'पुढचा' म्हणणारं केंद्र हे चार प्रश्न विचारत नसतं.

सत्त्याण्णव टक्के, पण कशाचे?

सरकार स्वतःची परीक्षा ९५-९५-९५ या मापानं घेतं. लागण असलेल्या शंभरांपैकी ९५ जणांना ती माहीत असावी, माहीत असलेल्यांपैकी ९५ टक्के उपचारावर असावेत आणि उपचारावर असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा.

नॅकोच्या २०२३-२४ च्या आकड्यांत देशाचा निकाल ८१-८८-९७ असा आहे. शेवटचा आकडा बघून वाटतं की आपण पास होऊन पुढं गेलो. पण हिशेब मांडा. लागण असलेली शंभर माणसं धरा. त्यातल्या ८१ जणांना माहीत आहे. त्या ८१ चे ८८ टक्के म्हणजे साधारण ७१ उपचारावर. त्या ७१ चे ९७ टक्के म्हणजे ६९. शंभरातले ६९ सुखरूप, ३१ नाहीत. त्या ३१ मधले बहुतेक दवाखान्यापर्यंत पोचलेलेच नाहीत, किंवा पोचून परत गेले. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि राज्यांत सगळ्यात जास्त, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात. त्यामुळं हा ३१ चा आकडा आपल्यासाठी कागदावरचा नाही.

आणखी एक खाच आहे. तिसरा आकडा ज्यांची तपासणी झाली त्यांच्यातून काढलेला असतो. समजा एका केंद्रात शंभर जण गोळ्या घेतात. त्यातल्या सत्तरांची व्हायरल लोड तपासणी झाली आणि ६७ जणांचा विषाणू दबलेला निघाला. अहवालात लिहिलं जाईल ९६ टक्के. न तपासलेल्या तिसांचं काय? त्यांत कुणी कारखान्यावर गेलेला असतो, कुणी गोळ्या सोडलेल्या असतात, कुणी वारलेला असतो. तपासणीला येणारा माणूस तसाही गोळ्या नीट घेणारा असतो. म्हणजे ज्यांची काळजी करायला हवी तेच हिशेबातून बाहेर राहतात.

हा काही घोटाळा नव्हे, आकडे मांडायची ती पद्धतच आहे. पण विचारणाऱ्यानं टक्क्याच्या आधी 'किती जणांपैकी' हे विचारलं पाहिजे. कर्जमाफीच्या यादीत आपण हे बरोबर विचारतो. इथंही विचारा.

जे आकड्यात येत नाही

औषधाला निघालेला माणूस गाडीत काय विचार करतो, हे कुठल्याही तक्त्यात नसतं. ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं? आयसीटीसीच्या दाराशी उभं राहिलेलं गावातल्या कुणी बघितलं तर? म्हणून काही जण जवळचा दवाखाना मुद्दाम टाळतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात नाव नोंदवतात. अहवाल करणारा म्हणतो, तालुक्यात सोय असून लोक वापरत नाहीत. लोक वापरत नाहीत कारण तालुका त्यांना ओळखतो. नुसतं केंद्र जवळ आणून भागत नाही. दाराला काय पाटी आहे, समुपदेशन बंद खोलीत होतं का व्हरांड्यात, नाव पुकारतात का नंबर, यावर माणूस पुन्हा येणार का नाही हे ठरतं.

गोळ्यांची बाटली वाजते म्हणून तिच्यात कापूस भरून नेणारे लोक आहेत. लेबल खरडून काढणारे आहेत. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या सुनेला रोज ठरलेल्या वेळी सगळ्यांच्या नजरेआड एक गोळी घ्यायची असते. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या दोन चुकल्या तरी हिशेब ९३ टक्क्यांवर येतो, आणि ९५ च्या खाली गेलं की केंद्रात कान टवकारतात. समुपदेशकाचं खरं काम इथं लागतं. 'गोळी रोज घ्या' हे सांगायला समुपदेशक लागत नाही. घरात बाटली कुठं ठेवता हे विचारायला लागतो. हे लोक बहुतेक कंत्राटावर असतात. जागा रिकामी झाली की ती भरेपर्यंत महिने जातात, आणि अहवालात मात्र केंद्र 'सुरू' असतं.

एसटीचंच बघा. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्ही बाधितांना मोफत प्रवास आहे. चांगली गोष्ट. पण सवलत घ्यायची तर कंडक्टरला कागद दाखवावा लागतो, आणि कंडक्टर आपल्याच भागातला असतो. मग माणूस गुपचूप पूर्ण तिकीट काढतो. सवलत किती जणांनी वापरली यावर योजनेचं यश मोजलं तर उत्तर चुकीचंच निघणार. संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्ही बाधितांना महिन्याला १५०० रुपये आहेत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. तो अर्जही तलाठी, सेतू, तहसील अशा किती हातांतून जातो ते आपल्याला माहीत आहे. आई-वडिलांना एचआयव्ही असलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. तो अर्ज महिला व बालविकास विभागाकडं जातो, आणि त्याची माहिती केंद्रातल्या समुपदेशकानं स्वतःहून द्यायला हवी. आपल्या केंद्रात ती दिली जाते का, हीसुद्धा सेवेची एक परीक्षाच.

ऊसतोडीची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. दिवाळीच्या आसपास पालम, गंगाखेड, सोनपेठकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलला परततात. सहा महिन्यांत औषधाच्या पाच-सहा तारखा येतात. फडावरून परभणीला यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि मुकादमाला सांगायला एक खोटं कारण. यावर कार्यक्रमात उपाय आहेत. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम देता येतात. जिथं कामाला जाणार तिथल्या एआरटी केंद्राकडं नाव वर्ग करता येतं. प्रवासात असताना हिरवं पुस्तक दाखवून दुसऱ्या केंद्रातून तात्पुरत्या गोळ्याही घेता येतात. जे केंद्र ऑक्टोबर महिन्यात प्रत्येक रुग्णाला 'यंदा कारखान्याला जाणार का?' एवढं विचारतं, ते केंद्र चांगलं. जे विचारत नाही, त्याच्या वहीत जानेवारीत 'रुग्ण येत नाही' असे शेरे वाढतात.

पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की तालुक्यातल्या काही गावांचा रस्ता तुटतो. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर आठ-दहा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या मागून घ्या. मागणं यात काही गैर नाही.

गरोदर बाई आणि बाळ

इथं थोडक्यात. प्रत्येक गरोदर बाईची चाचणी फुकट असते आणि ती पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी. लागण निघाली तर त्याच दिवसापासून उपचार, बाळंतपण दवाखान्यात, बाळाला जन्मल्याबरोबर औषध. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांची, शेवटची अठरा महिन्यांची. ही अठरा महिन्यांची तपासणी राहून जाते, कारण बाळ तोवर हसतखेळत असतं. आशाताईनं आणि समुपदेशकानं तारीख लक्षात ठेवायची असते.

गोळ्या तुटल्या की

२०२२ च्या जुलैमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयात ठिय्या दिला. काही राज्यांत डोल्युटेग्राव्हिरसह औषधांचा तुटवडा होता, महिन्याऐवजी चार-आठ दिवसांच्या गोळ्या देऊन लोकांना परत पाठवत होते. ४२ दिवस ते हलले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं सरकारला नोटीस काढली. तुटवडा आहे हे कुठल्या अहवालातून नव्हे, रुग्णांनी आपापल्या गावचे अनुभव एकत्र केले म्हणून कळलं.

यातून पालमच्या माणसानं एक सवय लावून घ्यावी. दर वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या ते तारखेसकट लिहून ठेवायचं. तीस मिळायच्या तिथं सात मिळाल्या तर साधा कागद पुरावा होतो. लहान मुलांच्या औषधाकडं जास्त लक्ष ठेवा, लेकरू वजनानं वाढलं की त्याचा डोस बदलतो.

गावानं कसं विचारायचं

महाराष्ट्रात लोकांनी सरकारी आरोग्य सेवा तपासायचा प्रयोग २००७ मध्ये सुरू झाला. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि आपल्या मराठवाड्यातला तेव्हाचा उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे. पुण्याची 'साथी' संस्था राज्यभरचं काम बघत होती. गावातले लोक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरत, चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोक उभे राहून सांगत. त्यातून बंद पडलेली उपकेंद्रं उघडली, बाहेरून औषध लिहून देणं कमी झालं.

पण ही जनसुनवाई एचआयव्हीला जशीच्या तशी लावता येत नाही. उभं राहून सांगणाराच उघडा पडतो. गाववार आकडे मागणंही धोक्याचं. 'अमुक गावात दोन रुग्ण' एवढं छापलं तरी गाव दोन दिवसांत नावं शोधून काढतं. म्हणून विचारायचं ते जिल्ह्याचं किंवा पूर्ण केंद्राचं, आणि विचारणारा रुग्णच असायला पाहिजे असं नाही. सरपंच, शिक्षक, बचत गटाची अध्यक्षा, कुणीही विचारू शकतं.

ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत हा विषय घेता येतो. चाचणी किट संपून किती दिवस काम थांबलं, समुपदेशकाची जागा भरलेली आहे का, बसायला बंद खोली आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्जात असं लिहा: मागच्या वर्षी एआरटी केंद्रात उपचारावर असलेले एकूण रुग्ण किती, त्यातल्या किती जणांची व्हायरल लोड तपासणी ठरलेल्या काळात झाली, किती जणांची संख्या हजाराच्या आत आली, उपचार सोडून गेलेले किती आणि त्यांतले किती परत आणले, तीस दिवसांपेक्षा कमी गोळ्या किती वेळा द्याव्या लागल्या. नाव, गाव, जात, वय काही मागू नका. मागितलं तरी ते देता येत नाही, आणि देऊही नये.

आलेल्या उत्तरात सगळं शंभर टक्के दिसलं तर 'सोडून गेलेले' या ओळीकडं परत बघा. एकही रुग्ण सोडून गेला नाही असं लिहिणाऱ्या केंद्रापेक्षा 'बारा गेले, नऊ शोधून आणले' असं लिहिणाऱ्या केंद्रावर माझा जास्त विश्वास बसेल.

अन्याय झाला तर

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. कायद्यानं मोकळीक दिलेल्या मोजक्या प्रसंगांशिवाय रुग्णाची माहिती त्याच्या लेखी संमतीविना दुसऱ्याला सांगता येत नाही. दवाखान्यानं उपचार नाकारणं, शाळेनं लेकराला नाकारणं, मालकानं कामावरून काढणं, हे सगळं कायद्यानं बंद आहे. सासरच्या घरात राहण्याचा बाईचा हक्कही यात आहे.

वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो. आधी त्यांच्याकडं लेखी द्या, पोच घ्या. उपचार नाकारण्यासारखी तक्रार असेल तर राज्यानं नेमलेल्या लोकपालाकडं जाता येतं. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि जिवाशी गाठ असेल तर चोवीस तासांत. आदेश पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड, पुढं न पाळल्याच्या प्रत्येक दिवसाला पाच हजारांपर्यंत. प्रकरण कोर्टात गेलं तर नाव लपवून, बंद खोलीत सुनावणी घ्यायची विनंती करता येते. अर्ज लिहायला मदत लागली तर परभणीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं फुकट वकील मिळू शकतो. तिथं जाताना हिरवं पुस्तक, गोळ्यांच्या नोंदीचा कागद आणि दवाखान्याची पोच सोबत न्या.